जुने सामान, नवे घर

घर बांधणे निराळे आणि घर लावणे निराळे. भिंती उभ्या राहिल्या, वर छप्पर आले, म्हणजे घर बांधून झाले. पण भांडी कुठे ठेवायची? अंथरुणे कुठे रचायची? जमीन कशाची करायची? भिंतीला आतून काय लावायचे? हे सारे पुढेच असते. त्याला आपण घर लावणे म्हणतो. शहरात हा मोठा धंदा झाला आहे. तिकडे ‘इंटीरियर’वाले म्हणून लोक असतात. ते दुसऱ्याचे घर लावून देतात आणि त्याचे पैसे घेतात. आपल्याकडे हे काम घरच्या बायकाच करीत आल्या. त्यांना त्याचे पैसे कोणी दिले नाहीत. त्या कामाला कोणी काम म्हटले नाही.

आमच्या तासगाव तालुक्यात गेल्या काही वर्षांत पुष्कळ नवी घरे झाली. द्राक्षबागांनी काही घरांत पैसा आणला. सांगली जिल्ह्याच्या बेदाण्याला २०१६ साली सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्यांना बाग नाही, त्यांतल्या कित्येकांना घरकुल मिळाले. घरकुल म्हणजे निदान २५ चौरस मीटरचे घर. आपल्या भाषेत सुमारे २७० चौरस फूट. बागवाला असो की घरकुलवाला, एक गोष्ट दोघांची सारखीच. घर पुरे होईतो हातातला पैसा संपतो. मग घर लावायला कर्ज काढावे लागते. हप्त्याने कपाट येते. ते लाकडी दिसते, पण आत असतो दाबलेला भुसा. पहिल्या पावसाळ्यात त्याला ओल लागते. दुसऱ्या पावसाळ्यात दार फुगते आणि लागत नाही. हप्ते मात्र चालूच राहतात. आणि त्याच घराच्या परसात जुन्या घराचे सागवान बंबाखाली जळत असते!

आम्ही हे कित्येक ठिकाणी पाहिले. म्हणून जुने सामान नव्या घरात कसे वापरावे, ते या पाठात सांगतो. कोणते सामान घरात मुळीच आणू नये, तेही सांगतो. ते जास्त महत्त्वाचे आहे. पाठ थोडा लांब आहे. दोन बैठकींत वाचला तरी चालेल.

वाड्याचे लाकूड

आमच्या ओळखीच्या एका घरी दोन भाऊ वेगळे झाले. आजोबांचा वाडा पाडायचे ठरले. दुसऱ्याच दिवशी एक व्यापारी दारात हजर झाला. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांना अशा बातम्या कशा कळतात, देव जाणे. तो म्हणाला, “सगळं लाकूड उक्तं घेतो. मोजत बसायची भानगड नको.” धाकटा भाऊ लगेच तयार झाला. तेव्हा थोरल्याची बायको सोप्यातून म्हणाली, “भाऊजी, उक्तं दिलं की पैसं चार दिसांत संपतील. आदी मोजा तरी. गुरुजींना बोलवा.”

आम्ही टेप घेऊन गेलो. लाकूड घनफुटात मोजतात. लांबी, रुंदी आणि जाडी फुटांत घ्यायची आणि तिन्हींचा गुणाकार करायचा. एक तुळई १० फूट लांब, ६ इंच रुंद आणि ६ इंच जाड होती. ६ इंच म्हणजे अर्धा फूट. १० गुणिले अर्धा झाले ५. पाच गुणिले अर्धा झाले अडीच. म्हणजे एका तुळईत अडीच घनफूट लाकूड. अशा नऊ तुळया होत्या. ९ गुणिले अडीच, म्हणजे साडेबावीस घनफूट. दारे, चौकटी आणि खांब वेगळेच. मग व्यापाऱ्याने सांगितलेल्या रकमेला आम्ही एकूण घनफुटांनी भागले. जो भाव निघाला, तो वखारीतल्या नव्या सागाच्या चौथाईही नव्हता. व्यापारी हसला आणि म्हणाला, “मास्तर, जुनं लाकूड आहे.” आम्ही म्हणालो, “जुनं आहे म्हणूनच चांगलं आहे.”

हे उगाच म्हटले नव्हते. लाकूड नवे असते तेव्हा त्यात पाणी असते. ते सुकताना लाकूड आकसते, वाकते, चिरते. शंभर वर्षे छपराखाली राहिलेली तुळई जे वाकायचे ते वाकून बसलेली असते. पुढे ती फारशी हलत नाही. शिवाय जुना साग जंगलात सावकाश वाढलेला असे. त्याची वीण घट्ट असते. वाई शेजारी मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा आहे. तो अठराव्या शतकातला. त्याचे लाकूडकाम अजून पाहायला मिळते.

असे लाकूड आपल्या गावातून जाते कुठे? मुंबईत जोगेश्वरीजवळ ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरचा मोठा बाजार आहे. तिथे जुनी दारे, खांब, पेट्या घासूनपुसून मांडलेल्या असतात. बड्या घरची माणसे ती हौसेने नेतात. दिवाणखान्यात टेबल करतात, भिंतीला लावतात. आपण कवडीमोलाने दिलेले दार तिथे शोभेची वस्तू होते. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. डॉ. दिनकर केळकर यांनी गावोगाव हिंडून जुनी दारे, अडकित्ते, दिवे, भांडी जमवली. कोथरूडच्या मस्तानी महालाचे जे अवशेष उरले होते, ते आणून त्यांनी संग्रहालयात पुन्हा उभे केले. पुण्याला गेलात तर जरूर बघा. उतरवलेले लाकूड नीट सांभाळले तर पुन्हा उभे राहते, हे तिथे डोळ्यांनी दिसते.

त्या घरचे काय झाले? धाकट्याने आपला वाटा विकला, पण मोजून विकला. थोरल्या वहिनींनी चार तुळया आणि एक दार ठेवून घेतले. सहा इंचांच्या तुळईतून सुताराने एक-एक इंचाच्या पाच फळ्या काढल्या. बाकीचे लाकूड करवतीत आणि रंध्यात गेले. एक फळी १० फुटांची आणि अर्धा फूट रुंद. दोन फळ्या शेजारी जोडल्या की एक फूट रुंद होतात. एका तुळईतून अशा रीतीने २५ चौरस फूट फळी निघाली. पाच फूट लांब आणि एक फूट रुंद अशा पाच फळ्यांची मांडणी एका तुळईत झाली. उतरंड, डबे, मुलांची दप्तरे, सारे तीवर बसले.

जुने लाकूड घेताना मात्र परीक्षा करावी. हातोडीने ठोकून बघा. टणक आवाज आला तर चांगले. बद्द आवाज आला तर आत पोकळ. दाभण किंवा टोचा टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. बारीक भोके दिसली आणि त्यांतून ताजी पिठी पडत असली, तर भुंगा अजून जिवंत आहे. ते लाकूड घरात नेऊ नये. भिंतीत गाडलेले टोक बहुधा खराब असते. तेवढे कापून टाकावे. आणि रंधा मारण्याआधी खिळे काढावेत. एक खिळा राहिला तरी सुताराच्या पात्याचे वाटोळे होते. यंत्राच्या करवतीला लागला, तर उडून डोळा जायचा.

रंगाऐवजी जवसाचे तेल लावता येते. पातळ हात द्यावा, दोन दिवस सुकू द्यावे, पुन्हा द्यावा. लाकडाची वीण उठून दिसते. पण एक सावधगिरी सांगतो. ती पुष्कळ सुतारांनाही माहीत नसते. जवसाच्या तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल सुकताना तापते. बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावताही बोळा पेट घेऊ शकतो. म्हणून तो उन्हात पसरून वाळवावा. मग टाकावा.

मातीचा मान आणि मातीचा भार

आता भिंतीकडे वळू. आज भिंत म्हटले की सिमेंटचा गिलावा, असे झाले आहे. सिमेंट वाईट नाही. पाया, खांब, स्लॅब यांना सिमेंटच हवे. पण आतल्या प्रत्येक भिंतीला ते हवेच असे नाही. सिमेंट करायला चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. त्यात कोळसा जळतो. चुनखडीतूनही कार्बन वायू बाहेर पडतो. हा वायू हवेत साठला की पृथ्वी तापते. साऱ्या जगात माणसे असा जेवढा वायू सोडतात, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटपायी येतो.

आपले आजे-पणजे चुना वापरीत. तासगावच्या गणपतीचे सात मजली गोपुर पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारले. त्या काळी सिमेंट होते कुठे? चुन्याची गंमत ऐका. चुनखडी सुमारे ९०० अंशांपर्यंत भाजली की तिच्यातला कार्बन वायू उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की खदखदतो आणि विरतो. विरलेला चुना भिंतीला लावला की तो हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो! म्हणून चुन्याची भिंत जसजशी जुनी होते, तसतशी कठीण होते. चुना विरवताना मात्र मुलांना जवळ येऊ देऊ नये. उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो.

चुन्याच्या आणि मातीच्या भिंतीचा आणखी एक गुण आहे. तिच्या विटा पुन्हा वापरता येतात. मातीत बसवलेली वीट कुदळीच्या दांड्याने ठोकली की सुटते आणि साफ होते. सिमेंटात बसवलेली वीट सुटत नाही, फुटते. म्हणजे आज सिमेंटात बांधलेले घर उद्या पाडले, तर त्याचा डबरच व्हायचा. हा विचार बांधताना कोणी करीत नाही.

आतल्या भिंतीला मातीचा गिलावा स्वस्त पडतो. उन्हाळ्यात खोली थंड राहते. पण कोणतीही माती चालत नाही. आपल्या रानातली काळी माती पिकाला चांगली, भिंतीला वाईट. ती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. वैशाखात रानात भेगा पडतात, तशाच त्या भिंतीत पडतील. गावठाणातली पांढरी किंवा माळाची तांबडी माती घ्यावी. तिची परीक्षा घरच्या घरी होते. काचेची उंच बाटली घ्या. तिचा तिसरा हिस्सा माती भरा. वर पाणी भरा. चिमूटभर मीठ टाका आणि खूप हलवा. मग बाटली एका जागी ठेवा. मिनिटभरात वाळू तळाशी बसेल. काही तासांनी तिच्यावर गाळवट मातीचा थर बसेल. दुसऱ्या दिवशीपर्यंत सर्वांत वर चिकणमाती बसेल. चिकणमातीचा थर जाड असला तर भेगा पडतील. मग वाळू मिसळावी. चिकणमाती दिसतच नसली, तर गिलावा हाताला लागून झडेल. गव्हाचा भुसा आणि शेण घालून चिखल तुडवावा आणि आठवडाभर भिजत ठेवावा. आधी भिंतीवर हातभर जागेत लावून सुकू द्यावा. भेग पडली नाही, तर पुढचे काम करावे. कृष्णाकाठच्या पाहुण्यांनी मात्र मातीचा गिलावा करू नये. २००५, २०१९ आणि २०२१ साली तिकडे पुराचे पाणी घरांत शिरले, हे सर्वांना ठाऊक आहे.

माती भिंतीला लावा, असे आम्ही म्हणतो. माती डोक्यावर घ्या, असे म्हणत नाही. हे नीट समजून घ्यावे. आपल्या भागात माळवदाची घरे होती, काही अजून आहेत. खाली तुळया, त्यांवर किलच्या, त्यांवर पाला आणि वर माती. दर पावसाळ्याआधी वर आणखी माती टाकायची पद्धत. थर वाढत जातो. एक घनफूट सुकी माती सुमारे ४५ ते ५० किलो भरते. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर एक फूट माती असली, तर १०० घनफूट झाली. म्हणजे साडेचार ते पाच टन! इतके ओझे आपल्या डोक्यावर टांगून आपण निजतो. पावसात भिजले की ते आणखी वाढते.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा झाला. दोन्ही वेळा माणसे झोपेत होती. किल्लारी भागातली घरे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची होती. वर मातीचे जड माळवद. भिंतींना एकमेकींशी बांधणारे काही नव्हते. हादरा बसताच भिंती फाकल्या आणि माळवद खाली आले. हजारो माणसे गेली. माणसांना मारले ते जड छपरांनी आणि सुट्या दगडांनी. म्हणून जुने माळवद असेल तर वरची माती उतरवावी आणि हलके छप्पर घालावे. जुन्या घराची हौस असावी. पण ती पोराबाळांच्या जिवावर नको.

पायाखाली आणि डोक्यावर

जमिनीला शहाबादी फरशी उत्तम. ती जुनी मिळाली तर अधिकच उत्तम. वापरून वापरून ती गुळगुळीत झालेली असते. उलटी करून बसवली की दुसरी बाजूही कामाला येते. वाडे पडतात तेव्हा चौकातली फरशी कोणी विचारीत नाही. ती आधी उचलावी.

तेवढीही ऐपत नसेल, तर कपच्यांची जमीन करावी. तासगावात फरशीच्या दुकानांमागे फुटक्या फरश्यांचे ढीग पडलेले असतात. दुकानदाराला ते उचलायलाच मजुरी द्यावी लागते. मागितले तर बहुधा नाही म्हणत नाही. फुटक्या फरश्या पोत्यात घालाव्यात आणि पोते बांधून वरून हातोडीने ठोकावे, म्हणजे कपची उडत नाही. मग मसाल्यात त्या जवळजवळ बसवायच्या, फटी भरायच्या, ओल्या फडक्याने पुसायचे. कडा टोचू नयेत म्हणून घोटणीदगडाने घासून घ्यायच्या. मुलींना हे काम फार आवडते. रांगोळीसारखे रंग जुळवत बसतात.

यात कमीपणा मानू नये. चंदीगड शहरात नेक चंद नावाचे गृहस्थ रस्त्यांच्या कामावर देखरेख करीत. शहर नवे बांधले जात होते. पाडलेल्या खेड्यांतला आणि बांधकामातला फुटका माल सगळीकडे पडलेला असे. १९५७ च्या सुमारास त्यांनी तो गोळा करायला सुरुवात केली. फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरश्या, काही सोडले नाही. सरकारी जंगलात, कोणाला न सांगता, त्यांनी त्यातून पुतळे आणि भिंती उभ्या केल्या. कित्येक वर्षे कोणाला पत्ताच नव्हता! शेवटी १९७६ साली सरकारनेच ती बाग लोकांना खुली केली. आज लांबून लांबून माणसे ती पाहायला येतात.

आता छप्पर. पत्र्याच्या घरात चैत्र-वैशाखात दुपारी बसवत नाही. पत्र्याला वरून चुन्याची सफेदी द्यावी. पांढरा रंग ऊन परतवतो. आतून, पत्र्याखाली वीतभर जागा सोडून, बुरुडाकडच्या बांबूच्या तट्ट्या लावाव्यात. मधली हवा उष्णता अडवते. दोन टोकांना झरोके ठेवावेत, म्हणजे तापलेली हवा बाहेर जाते. चुलीच्या वर मात्र तट्ट्या लावू नयेत. जुनी लुगडी ताणून छत करतात, तेही चुलीजवळ नको.

कौले उतरवलीत तर फेकू नका. लॉरी बेकर नावाचे इंग्रज स्थापत्यकार होते. ते १९४५ साली भारतात आले आणि इथलेच झाले. केरळात त्यांनी गोरगरिबांसाठी शेकडो घरे बांधली. २००७ साली ते वारले. गांधीजींनी त्यांना सांगितले होते, की खेड्यातले घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून झाले पाहिजे. बेकर ते जन्मभर विसरले नाहीत. स्लॅब ओतताना ते सळ्यांच्या मधल्या चौकोनांत जुनी मंगलोरी कौले पालथी ठेवीत आणि वर काँक्रीट ओतीत. असे का? स्लॅबवर भार आला की वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दाब काँक्रीट सोसते. ताण लोखंड सोसते. खालच्या बाजूचे, सळ्यांमधले काँक्रीट नुसते ओझे असते. तिथे कौल बसवले की सिमेंट वाचते, स्लॅब हलका होतो आणि आतून कौलांची नक्षी दिसते. मात्र हे काम जाणत्या इंजिनिअरला विचारूनच करावे. सळ्यांचा हिशेब चुकला तर स्लॅब खाली यायचा. गवंड्याच्या ‘करून टाकू की’ वर विसंबू नये.

बागेतल्या सामानाचेही असेच. बाग काढली की जुने लोखंडी अँगल आणि तार निघते. भंगारवाल्याला वजनावर देण्याआधी विचार करावा. अँगल सरळ करून, जोडून, वर तुळईच्या फळ्या टाकल्या, की अंथरुणांची पक्की मांडणी होते. तारेची वलणी होतात. फाटलेली शेडनेट दुमडून पश्चिमेच्या खिडकीबाहेर लावली, की उतरते ऊन आत येत नाही. उसाच्या चोथ्यापासूनही फळे होतात. सोलापूर जिल्ह्यात वेळापूरला तसा कारखाना उभा राहिला. चोथ्याचा फळा स्वस्त पडतो. पण पाण्याजवळ तोही फुगतो. मोरीशेजारी तो लावू नये, आतल्या कोरड्या भिंतीला लावावा.

जे उंबऱ्याच्या आत येऊ नये

जुने ते सगळेच चांगले नसते. आता जे सांगतो, ते घरात सर्वांना वाचून दाखवा.

द्राक्षाच्या फवारणीचे औषध प्लास्टिकच्या कॅनमधून येते. कॅन मजबूत असतात, झाकण घट्ट बसते. म्हणून बायका ते धुऊन घरात ठेवतात. कुणी त्यात रॉकेल ठेवते, कुणी तेल, कुणी पाणी. एका घरी आम्हाला तांब्याभर पाणी दिले, ते अशाच कॅनमधले होते. आम्ही विचारले तेव्हा माउली म्हणाली, “गुरुजी, राखेनं सात डाव धुतलाय. वास सुदिक येत न्हाई.” वास येत नाही, हे खरे. पण विष प्लास्टिकच्या अंगात मुरलेले असते. ते धुऊन पुरते जात नाही. पुढे ते पाण्यात, तेलात थोडे थोडे उतरत राहते. एका दिवसात काही दिसणार नाही. म्हणूनच त्याचा धोका मोठा. त्या दिवशी ते पाणी आम्ही प्यालो नाही. ते त्या माउलीला लागले. पण सुनेकडून तो कॅन तिथेच फोडून घेतला.

औषध संपले की कॅनमध्ये पाणी घालून तीन वेळा खळबळावे आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. मग कॅनला खिळ्याने भोके पाडावीत, म्हणजे पुन्हा कोणाला त्यात काही भरता येणार नाही. त्यात फुलझाडसुद्धा लावून ओसरीवर ठेवू नये. मुले हात लावतात.

दुसरी गोष्ट जुन्या रंगाची. वाड्याच्या दारांवर हिरव्या, निळ्या रंगाचे थरावर थर असतात. जुन्या तेलरंगांत शिसे घालीत. घरच्या रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम सरकारने २०१६ साली केला. तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणून असा रंग कोरडा खरवडू नये. ओला करून, घराबाहेर, नाकाला फडके बांधून खरवडावा. मुले आणि गर्भारशी बाई दूर असावीत. पडलेल्या खपल्या गोळा कराव्यात. त्या परसात पसरू देऊ नयेत, कारण कोंबड्या टिपतात. रंगीत लाकूड चुलीत तर घालूच नये.

तिसरी गोष्ट सिमेंटच्या नालीदार पत्र्याची. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस नावाचे खनिज असते. त्याचे धागे डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात. पत्रा शाबूत असतो तोवर ते त्यात बसून राहतात. पण तो कापला, फोडला, भोक पाडले, की ते उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन कायमचे रुततात. वीस-तीस वर्षांनी त्यातून धाप लागते, कर्करोग होतो. साठांहून अधिक देशांनी याचा वापर बंद केला आहे. असे जुने पत्रे कापून गोठ्याला, मोरीला, कट्ट्याला लावू नयेत. उतरवावेच लागले, तर पाणी मारून, न फोडता उतरवावेत. रेल्वेचे काळे, डांबरी तेल पाजलेले जुने स्लीपरही झोपायच्या खोलीत नकोत.

वाकळ आणि कणगी

याविषयी आम्ही काय सांगावे? बायांना आमच्यापेक्षा पुष्कळ कळते. जुनेरे जपून ठेवायचे, धुऊन मऊ करायचे, थरावर थर घालून टाके घालायचे. दंड घातलेले लुगडे फाटले तरी त्याचा काठ वाकळीला लागतो. एवढेच सुचवतो, की वाकळ अंथरुणापुरती ठेवू नये. दोन थरांची लहान वाकळ दाराला पडदा म्हणून लावली, तर थंडीत वारा अडतो. पत्र्याच्या पेटीवर घातली, की बसायची जागा होते. सुती कापडच घ्यावे. आजकालच्या नायलॉनच्या साड्या घाम टिपत नाहीत आणि ठिणगी पडली की अंगाला चिकटून जळतात. पुण्या-मुंबईत अशा वाकळींना चांगला भाव येतो. हाताने शिवलेली म्हणून तिकडे मान आहे. आपल्याकडे पाहुणे आले की तीच वाकळ लपवून ठेवतात आणि बाजारातले चकचकीत ब्लँकेट काढतात!

निरगुडीच्या फोकांची कणगीही अशीच हद्दपार झाली. घरकुलाच्या दोन खोल्यांत मोठी कणगी मावत नाही, हे खरे. पण कंबरेएवढी, आतून-बाहेरून शेणाने लिंपलेली कणगी दोन खोल्यांच्या मध्ये ठेवली, तर धान्यही राहते आणि आडोसाही होतो. वर फळी टाकली की देवाची जागा होते.

हे सारे करायचे तर वेळ बघून करावे. वाडा उतरवायचा तो पावसाळा संपल्यावर, लाकूड कोरडे असताना. तुळया उतरवल्या की जमिनीवर टाकू नयेत. खाली दगड द्यावेत, नाहीतर वाळवी लागते. मातीचा गिलावा मार्गशीर्ष-पौषात करावा. तेव्हा ऊन कोवळे असते. गिलावा सावकाश सुकतो आणि चिरत नाही. चैत्रात केला तर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि सुटतो. सफेदी मात्र चैत्रातच चांगली. सुताराला आधी सांगून ठेवावे. लग्नसराईत तो मिळत नाही. आणि व्यापारी दारात आला, तर त्याला बसवा, चहा द्या आणि टेप काढा.